करकर

मुख्य कार्यालयाकडून फॉर्म आलाय.
मावळत्या जनरल मॅनेजरना एक ते पाच गुण द्या:
संवाद, निर्णय, प्रेरणा.
खाली बारीक अक्षरात, मोजकं लिहा.

मी लाँड्रीत, अकरा वर्षं.
चादरींचे आकडे मला कळतात, माणसांचे जमत नाहीत,
तरी लिहिते.

साहेबांचं नाव रूडी ब्रांडश्टेटर,
गाव ऑस्ट्रियात, डोंगरात कुठंतरी.
पहिल्याच आठवड्यात इरगोंडा म्हणाला,
एवढं नाव घेईपर्यंत रस्सा गार हुतोय,
आणि त्यानं त्यांचं रुद्राप्पा करून टाकलं.
साहेबांना वाटलं, ही पदवी आहे.
वर्षभर कुणी सांगितलं नाही.

रुद्राप्पा सकाळी सगळ्यांना उभं करून कौतुक करायचे.
शौकत, अप्रतिम. तातोबा, तुमचा अभिमान वाटतो.
तातोबा मगदूमला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.
एवढं ग्वाड कशाला बोलतोय ह्यो,
काढून टाकणार असंल मला.

आमच्यात माया शिवीच्या पाठीवर बसून येते.
तालमीत वस्ताद चांगल्या पोराला शाबास म्हणत नाही,
आणखी शंभर जोर मारायला लावतो,
आणि पोरगं घरी निघालं की
जेवून जा रे, म्हणतो, दुसरीकडं बघत.

साहेबांच्या बुटांना रबरी तळ होता.
आवाज न करता मागं येऊन उभे राहायचे.
त्यांच्या मनात काही नसायचं,
पण आमच्या हातातून बशा निसटायच्या.
शेवटी अनुसयाचा भाऊ सुभाषनगरातून एक जोड घेऊन आला,
तळात बिया घातलेला,
पाऊल टाकलं की करकर, करकर.
पाहुण्यांसमोर बूट, मागच्या बोळात चप्पल.
मोठा माणूस येतोय हे आधी कळू द्यावं,
खालच्या माणसाला सावरायला दोन श्वास द्यावेत,
हे त्यांच्या पुस्तकात नसावं.

आषाढात गल्लीगल्लीचं नवं पाणी टेंबलाईला निघतं,
पी-ढबाक वाजत. त्या शुक्रवारी
निम्मी पाळी गायब.
आदल्या दिवशी विचारलं तेव्हा सगळे म्हणाले होते, हुतंय की.
साहेबांनी ते 'हो' म्हणून लिहून घेतलेलं.
कारखानदारांची परिषद, दोनशे पानं,
आणि रुद्राप्पा टाय खिशात कोंबून भांडी घासताहेत.
अठरा नोटिसा टाईप झाल्या.
रात्री अठरा घरांतून डबे आले.
नोटिसांचं काय झालं, मला माहीत आहे.
लाँड्रीत सगळ्यांचे खिसे रिकामे होतात;
त्यांच्या कोटात कागदाचा लगदा निघाला,
एका तुकड्यावर फक्त 'कारणे' वाचता आलं.
पुढच्या वर्षी पाळ्या लावायला
त्यांनी कॅलेंडर तातोबाच्या हातात दिलं.

पण एका ठिकाणी ते वाकले नाहीत.
सकाळच्या मीटिंगला आम्ही बायका मागं, भिंतीला.
ते म्हणाले, आजपासून सुरुवात अनुसया करेल.
तातोबानं तोंड फिरवलं.
अनुसया साबणाबद्दल दोन वाक्यं बोलली,
दुसरं अर्धंच.
रोज तेच. कुणी हसलं, कुणी खोकलं,
मीसुद्धा म्हणाले, कशाला उगाच.
चौथ्या महिन्यात अनुसया रजेवर होती,
तर तातोबाच घड्याळ बघत म्हणाला,
आता सुरू कुणी करायचं?

हे संवादात धरू, की निर्णयात?
चौकट बोटाएवढी आहे.
जेवलासा काय, हे ते शेवटी शेवटी
आमच्यासारखं विचारायला शिकले,
उत्तर येईपर्यंत थांबायचे. त्याला कुठलीच चौकट नाही.

मी तिन्हीकडं चार दिलेत.
पाच दिले तर तातोबाला शंका येईल.

नवे साहेब सोमवारी आले. त्यांच्याही बुटांना रबरच.
मी नुकतीच फरशी पुसली होती, ते त्यावरून गेले.
ओला ठसा वाळायच्या आत
अनुसया खाली बसली,
आणि वीत टाकून माप घेतलं.